गाठ कुठवर चढली

मी जालन्यात सोनोग्राफीचा दवाखाना टाकला तेव्हा, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं, हे यंत्र फक्त पोटुशा बायकांसाठी असतं अशी गावाची पक्की समजूत होती. पुरुष पेशंट आला की आधी रस्त्याच्या पलीकडं रेंगाळायचा, ओळखीचं कुणी बघत नाही ना ते पाहायचा आणि मग रुमालानं तोंड पुसत एकदम आत शिरायचा. आत बाकांवर सगळ्या गरोदर बायका आणि त्यांच्या सासवा. त्यात हा एकटा टोपीवाला. मूतखड्याची कळ आली तरी चेहरा सरळ ठेवून बसायचा. शेजारची एखादी सासू सहज विचारायची, "तुमची कोण गेली आत?" तो म्हणायचा, "कुणी न्हाई, माझंच हाय."

या अंकासाठी लिही म्हणून मागं लागलेल्या मैत्रिणीला वाटतंय की मी बाळांबद्दल लिहीन. बाळं पुष्कळ पाहिली. पण कामाची आठवण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येतात ते एक बँडमास्तर.

आधी यंत्राबद्दल थोडं सांगते. सोनोग्राफीत उजेड नसतो, किरण नसतात, आवाज असतो. माणसाला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडायचा आणि आतून परत येणाऱ्या त्याच्या पडसादावरून यंत्रानं चित्र काढायचं. पाण्यातून, रक्तातून हा आवाज सुरेख जातो. म्हणून लघवीची पिशवी, रक्ताच्या शिरा पडद्यावर काळ्याभोर दिसतात. हवेशी मात्र त्याचं बिलकुल जमत नाही. आतड्यात वायू असला की पडद्यावर नुसतं पांढरं धुकं. म्हणून आम्ही पेशंटला सांगतो, उपाशी पोटी या. हे वाक्य वाटतं तितकं सोपं नाही, हे मला दादाराव मास्तरांनी शिकवलं.

दादाराव खरात मंठ्याच्या एका ब्रास बँडचे मास्तर होते. मंठा, परतूर, घनसावंगीकडची पुष्कळ लग्नं त्यांच्या ट्रम्पेटवर लागलेली. उंच, छातीनं रुंद आणि गाल फुगवून फुगवून दोन्हीकडची कातडी सैल झालेली. बरोबर बायको, कौसाबाई. त्या उंचीनं मास्तरांच्या खांद्याच्याही खाली, पण बोलणं सगळं त्यांच्याकडं. मंठ्याच्या डॉक्टरांनी लघवीतून रक्त जातंय म्हणून सोनोग्राफीची चिठ्ठी दिली होती.

"किती दिवसांपासून जातंय?" मी विचारलं.

"आमाला ते रगत हाय हे कळलंच न्हाई ना, डॉक्टरीणबाई," कौसाबाई म्हणाल्या. "बँडच्या पँटी लाल होत्या. ह्यांच्या आतल्या कपड्यायला लाल डाग पडून राह्यले. मला वाटलं, कापडाचा रंग जातो. म्या शिंप्याच्या दुकानावर जाऊन भांडले. तो म्हणला, बाई, माझा रंग पक्का हाय."

"मग?"

"मंग साऱ्या पार्टीचे डरेस बदलले. निळे केले. तेवढा खर्चा झाला, तरी डाग लालच."

मास्तर तोवर खाली बघत होते. ते हळूच म्हणाले, "निळ्या पँटीचा लाल रंग कसा काय जाईल, हे माझ्या ध्यानात आलं, तवा डॉक्टरकडं गेल्तो."

"लघवी करताना लाल दिसलं नाही?"

"शेताच्या बांधावर जातो, मॅडम. आपली जमीन काळी. तिच्यात काय दिसतं?"

दुखत काहीच नव्हतं. हीच त्यातली वाईट गोष्ट. मूतखडा माणसाला गडाबडा लोळवतो, म्हणून त्याचा इलाज होतो. न दुखता जाणारं रक्त कुणी मनावर घेत नाही.

मी त्यांना टेबलावर झोपवलं, पोटावर जेली लावली, हातातला प्रोब टेकवला. पडद्यावर धुकं. सरकवला तरी धुकं.

"मास्तर, उपाशी आहात ना?"

"बिलकुल. कडक उपास धरला."

माझ्या मनात शंका आली. "सकाळपासून काय खाल्लं?"

"उपासाचंच," मास्तर म्हणाले. "आमच्यात उपासतापास न्हाईत, मॅडम. आमच्या बापानं धर्म बदलला तवाच ते समदं सुटलं. मला त्यातलं काईच माहीत न्हाई. पण डॉक्टर म्हणले उपाशी जा. मंग शेजारच्या देशमुखीणबाईला इचारलं, उपासाला काय काय चालतं. त्यायनी समदं बराबर करून देलं."

"काय काय?"

"साबुदाण्याची उसळ. भगर, शेंगदाण्याची आमटी. रताळ्याच्या फोडी. निघताना राजगिऱ्याचे लाडू."

"म्या बी धरला ह्यांच्या संगं," कौसाबाई म्हणाल्या. "लई जड असतो, नाई का हो उपास."

त्या दिवसानंतर मी दवाखान्यात 'उपाशी' हा शब्द वापरणं बंद केलं. 'तोंडात काहीही घालायचं नाही, देवाचंसुद्धा नाही' असं सांगायला लागले.

किडनी मात्र पाठीच्या बाजूनं, बरगडीखालून दिसते. तिथं आतडं आड येत नाही. मास्तरांना कुशीवर वळवलं. उजव्या किडनीच्या वरच्या टोकाला आमच्याकडच्या चांगल्या मोसंबीएवढी गाठ होती. गाठ पाहिल्यावर मी पुढचं पाहायला गेले, तर पुढं रताळी आणि शेंगदाणे.

पुढचं म्हणजे काय, ते सांगते. किडनीच्या कॅन्सरला एक विचित्र खोड असते. तो किडनीतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत शिरतो आणि वेल मांडवावर चढावा तसा आतल्या आत वाढत जातो. ती शीर पोटातल्या मोठ्या शिरेला मिळते. ही मोठी शीर पायांकडचं रक्त घेऊन, लिव्हरच्या मागून, थेट हृदयात जाते. तर हा वेल त्या वाटेनं वर वर चढतो. तो शिरेत आहे म्हणजे सगळं संपलं असं नाही. नीट काढला तर माणूस जगतो. पण काढायच्या आधी सर्जनला एकच गोष्ट पक्की कळावी लागते, की टोक कुठं आहे. लिव्हरच्या खालच्या भागापाशी संपत असेल तर टोकाच्या वर शिरेला चिमटा लावून, शीर उघडून तो ओढून काढता येतो. हृदयापर्यंत गेला असेल तर छाती उघडून, हृदय थांबवून, यंत्रावर रक्त फिरवत ठेवून काढावा लागतो. आणि चुकीच्या जागी चिमटा लागला तर तुकडा तुटून फुप्फुसात जातो आणि माणूस टेबलावरच संपतो.

मास्तरांना मी गाठीबद्दल स्पष्ट सांगितलं. कौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे शिंप्याची चूक न्हाई."

मी त्यांना औरंगाबादला डॉ. पाटणकरांकडं पाठवलं. पाटणकर किडनीचे सर्जन. कमी बोलणारे, फोनवर तर शब्द मोजून बोलायचे. त्यांनी सीटी स्कॅन केला. काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

"गाठ शिरेत आहे. मोठ्या शिरेतही आहे. वर कुठवर, ते सांगता येत नाही. स्कॅनमध्ये सावली हृदयापर्यंत दिसते."

"सावली खरी आहे?"

"तोच प्रश्न आहे."

त्या वेळच्या सीटीमध्ये ही अडचण असायची. हाताच्या शिरेतून औषध देतात, ते किडनीतून लवकर बाहेर पडतं आणि तिथलं रक्त चित्रात पांढरं दिसतं. पायांकडून येणारं रक्त तोवर साधंच असतं. दोन ओढे मिळतात तिथं गढूळ आणि नितळ पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतं, तसं ते मोठ्या शिरेत वाहतं आणि चित्रात उगाच गाठ असल्यासारखं दिसतं. खरी गाठ कुठं संपली आणि नुसतं न मिसळलेलं रक्त कुठं सुरू झालं, हे थांबलेल्या चित्रात कळत नाही. हलणाऱ्या चित्रात कळू शकतं, आणि सोनोग्राफीत सगळं हलतं.

"मी त्यांना मुंबईला जायला सांगितलं," पाटणकर म्हणाले. "ते उठून गावाला निघून गेले. तुमच्याकडं आले तर टोक बघा."

मास्तर का उठून आले, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. "सायेब म्हणले, मुंबईला हृदय बंद करून आप्रेशन करतेत. म्या म्हणलं, बंद केल्यावर चालू कशावर ठेवणार? ते म्हणले, मशीनवर. म्या इचारलं, न् लाइट गेली तर? तर ते हसले, मॅडम. जबाब काई देला न्हाई. मंग म्या उठलो."

ज्या माणसाच्या गावात दिवसातून कितीतरी वेळ वीज जाते, त्यानं हा प्रश्न विचारणं मला तरी चुकीचं वाटलं नाही.

मी निरोपावर निरोप पाठवले. शेवटी मंठ्याच्या डॉक्टरांच्या फोनवरून मास्तर बोलले. लग्नसराई आहे, वेळ नाही, पण जालन्यात एका मंगल कार्यालयाची सुपारी आहे, त्या दिवशी जाता जाता येतो. "न् तोंडात काईच घालनार न्हाई," ते म्हणाले. "देशमुखीणबाईला बी इचारनार न्हाई."

ठरलेल्या दिवशी माझे रहीमभाई घाईनं आत आले. रहीमभाई माझ्याकडं नंबर लावायचं, जनरेटर चालवायचं आणि बाहेरची भांडणं मिटवायचं काम करत. सहसा गडबडत नसत.

"मॅडम, पूरा बँड आलाय."

बाहेर टेम्पो उभा होता. निळे कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुरे. बाकांवरच्या बायकांनी सरकून जागा केली आणि एकेका गरोदर बाईशेजारी एकेक वाजंत्री बसला. झांजवाल्यानं झांजा मांडीवर ठेवल्या. मंठ्यात तोवर बोभाटा झाला होता की बँडमास्तरांच्या पोटात काहीतरी वाढतंय आणि ते सोनोग्राफीवर दिसतं. पुढचं लोकांनी आपापल्या परीनं जोडून घेतलं होतं.

साइड ड्रम वाजवणारे सुखदेव, मास्तरांचे साडू, मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, बाहेरचा बोर्ड वाचला आमी. मुलगा का मुलगी ते सांगत न्हाई म्हणून. आमाला ते पायजेच न्हाई. कुठवर आलंय तेवढं सांगा."

मी म्हटलं, "तेवढंच बघायचंय."

मास्तर कोटाची बटणं सोडून टेबलावर झोपले. पोट या वेळी खरंच रिकामं होतं. किडनीची शीर दिसली, तिच्यात करडी गाठ दिसली, ती मोठ्या शिरेत शिरलेली दिसली. तिथून वर लिव्हरच्या मागं जाताना बरगड्या आड आल्या.

अशा वेळी पेशंटला खोल श्वास घ्यायला लावतात. श्वास घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली येतो, त्याच्याबरोबर लिव्हर खाली येतं आणि लिव्हर म्हणजे आमच्यासाठी काचेची खिडकी. तिच्यातून मागची शीर स्वच्छ दिसते.

"श्वास घ्या, आणि धरा."

मास्तरांनी घेतला. एवढा श्वास मी कुठल्या पेशंटला घेताना पाहिलेला नाही. लिव्हर बोटभर खाली आलं. मी बघत राहिले. पेशंट साधारण लवकरच लाल होऊन सोडून देतात. मास्तर छताकडं बघत स्वस्थ पडले होते. कौसाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "सोडा हो आता."

"सोडा," मी म्हटलं.

त्यांनी सावकाश सोडला. "मॅडम, इशारा बराबर द्या. तुमी 'हं' म्हणल्यावर सोडायचा का 'सोडा' म्हणल्यावर? बँडमधी इशारा एकच असतो."

टोक दिसलं होतं, पण पुसट. श्वास आत ओढला की शीर चपटी होते, आणि चपट्या शिरेत गाठ आणि शिरेची भिंत एकमेकींना चिकटून दिसतात. शीर फुगवायला हवी होती. त्यासाठी आम्ही पेशंटला सांगतो, संडासला जोर लावतो तसा लावा. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, कौसाबाईंकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाईमाणसासमोर ते जमनार न्हाई."

"मग ट्रम्पेट वाजवल्यासारखं करा."

त्यांनी गाल फुगवले. पोटात काहीच झालं नाही. "हवेत कसं वाजवनार, मॅडम? समोरून काईतरी अडलं तर जोर लागतो."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण माझ्या मनात दुसरीच भीती होती. जोर जास्त लागला आणि आतला तुकडा सुटला तर. असं क्वचितच होतं, पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे. मी पाटणकरांना फोन लावला. सगळं सांगितलं, खरं ट्रम्पेट वाजवायला देऊ का ते विचारलं. मग ते म्हणाले, "खालच्या पट्टीत. सावकाश." आणि फोन ठेवला.

सुखदेव टेम्पोतून ट्रम्पेट घेऊन आले. मी मास्तरांना समजावलं की एकच सूर, मऊ, लांब, वरातीचा जोर बिलकुल नाही. ते म्हणाले, "म्हंजे नवरी सासरी निघतेय तसा."

खोलीत अंधार केलेला होता. पडद्याचा तेवढा उजेड. निळ्या कोटातला माणूस उताणा पडलेला, उघड्या पोटावर जेली, माझा प्रोब बरगडीखाली आणि ट्रम्पेटचं तोंड छताकडं. त्यांनी श्वास घेतला आणि सूर लावला.

लिव्हर खाली आलं आणि तिथंच थांबलं. मोठी शीर हळूहळू भरत गेली, गोल झाली, काळीभोर झाली. त्या काळ्यात गाठीचं टोक दिसलं. करंगळीच्या पेरासारखं गोल, रक्ताच्या धारेत अगदी थोडं हलणारं. लिव्हरच्या शिरा मिळतात त्याच्या बरंच खाली. त्याच्या वर हृदयापर्यंत शीर मोकळी होती. स्कॅनमधली सावली नुसती न मिसळलेल्या रक्ताची होती.

मला आनंद व्हायला हवा होता, पण झाली धास्ती. त्या खोलीतल्या सगळ्यांना, मलासुद्धा, हेच दिसायला हवं होतं. जे दिसायला हवं असतं ते पडद्यावर फार सहज दिसतं. मी प्रोबची जागा बदलली, कुशीवर वळवून दुसऱ्या बाजूनं गेले.

"मास्तर, पुन्हा एकदा."

त्यांनी पुन्हा सूर लावला. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. टोक तिथंच होतं. तिसऱ्यांदा वाजवायला लावलं. तरी तिथंच.

"हृदयात नाही," मी सांगितलं. "मुंबईला जायची गरज नाही. ऑपरेशन मात्र मोठं आहे आणि लवकर करायला हवं."

मास्तरांनी ट्रम्पेट छातीवर ठेवलं. "लाइट?" त्यांनी विचारलं.

"हृदय तुमचं तुम्हीच चालवायचं."

त्यांनी मान हलवली, पोट पुसलं, कोटाची बटणं लावली आणि लग्न वाजवायला गेले. मी जोरात वाजवू नका म्हणून बजावलं. सुखदेव म्हणाले की आज वरातीत ट्रम्पेट ते धरतील आणि मास्तर नुसता इशारा देतील.

दारातून डोकावून एका सासूनं रहीमभाईंना विचारलं, "मुलगा झाला का कुनाला?" समोरच्या मिठाईवाल्यानंही तेच विचारायला माणूस पाठवला होता. रहीमभाईंनी दोघांनाही सांगितलं, "कुछ नहीं हुआ, शीर पाहून राह्यले." यानं कुणाचं समाधान झालं नाही.

त्याचा परिणाम आठवड्याभरात दिसला. आरोग्य खात्याचे एक साहेब चौकशीला आले. समोर बसले, कागद काढला.

"तुमच्याकडं पोटात मुलगा असला की ट्रम्पेट वाजवून सांगतात, अशी तक्रार आहे."

"आणि मुलगी असली की?"

त्यांनी कागद पाहिला. "त्याबद्दल तक्रारीत काही नाही."

हसण्यासारखी गोष्ट होती, पण मी हसले नाही. मुलींचा जीव घेणारे लोक आमच्याच गावात होते, त्यांना मदत करणारी यंत्रंही होती, आणि असला साहेब खरंतर याआधीच यायला हवा होता. मी त्यांना मास्तरांच्या शिरेचं चित्र दाखवलं. त्या बोटासारख्या टोकाकडं त्यांनी संशयानं पाहिलं.

"हा मुलगाच दिसतो."

"हो. बावन्न वर्षांचा आहे."

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, पाटणकरांची चिठ्ठी दाखवली. त्यांनी लिहून घेतलं. उठता उठता थांबले. म्हणाले, त्यांचीही कंबर अधूनमधून धरते, सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही, आलोच आहे तर बघून घेता का. बघितलं. बारीक खडा होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी औरंगाबादला गेले. ही गाठ वाढती असते, आज आहे तिथं उद्या असेलच असं नाही, म्हणून शेवटच्या क्षणी पुन्हा बघायचं असतं. वॉर्डच्या सिस्टरांनी ट्रम्पेटला साफ मनाई केली. मास्तरांनी नुसतं ओठाला लावायचं पितळी टोक हातात घेतलं आणि त्यात फुंकलं. बदक ओरडावं तसा आवाज आला. शेजारच्या खाटेवरचे पेशंट उठून बसले. गाठीचं टोक जागेवरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशन थिएटरात उभी होते. मी पडद्यावर आयुष्य काढलं. काळं, करडं, पांढरं. आत सगळं लाल असतं, हे विसरायला होतं. पाटणकरांनी लिव्हर उचललं, शिरेवर बोट फिरवलं आणि एका जागी थांबले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "इथं." त्याच्या वर चिमटा लावला, शीर उघडली आणि गाठीचं ते टोक सबंध बाहेर आलं, जीभ बाहेर यावी तसं. तुटलं नाही. थिएटरात सगळ्यांनी एकदम श्वास सोडल्याचं ऐकू आलं.

बाहेर कौसाबाईंना ट्रेमधली गाठ दाखवली. त्यांनी वाकून नीट पाहिलं.

"हेच व्हय ते?"

"हेच."

"किती दिस आत बसलं न् आमी कपडे धुवून राह्यलो," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. तिथं त्या पहिल्यांदा रडल्या.

मास्तर बरे झाले. पुढच्या हंगामात बँड घेऊन फिरू लागले, फक्त लांब वरातीत मधे मधे टेम्पोत बसायचे. दर वर्षी तपासणीला यायचे, उपाशी, आणि मी काही म्हणायच्या आत श्वास धरून मोकळे व्हायचे. बाकावरच्या बायकांना त्यांची भीड राहिली नव्हती. एखादी घाबरलेली पहिलटकरीण दिसली की ते सांगायचे, "काई होत न्हाई पोरी. थंड लागतं तेवढंच."

पाचेक वर्षांनी छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत बारीक गोल डाग दिसले. शिरेतून काढली ती गाठ संपली होती. पण काढण्याआधीच काही कण रक्ताबरोबर निघून गेले असणार आणि इतकी वर्षं गप्प बसून राहिले असणार. तेव्हा त्यावर धड औषध नव्हतं. मला पुष्कळदा वाटतं, पहिला डाग पडला त्या महिन्यात ते आले असते तर. शिंप्याशी भांडण्यात, कापड निवडण्यात, निळे कोट शिवून घेण्यात बराच काळ गेला होता. तो काळ कुणाच्या चुकीत मांडायचा, ते मला कळत नाही. त्यांना दुखलं नाही, जमीन काळी होती, पँटी लाल होत्या. मास्तर पुढच्या उन्हाळ्याआधी गेले.

त्यानंतर वर्षभरानं कौसाबाई आल्या. एकट्याच. पोटात दुखतं म्हणाल्या. चिठ्ठी नव्हती. बाहेर गर्दी होती, तरी रहीमभाईंनी त्यांना लगेच आत सोडलं. मी तपासलं. लिव्हर, पित्ताची पिशवी, दोन्ही किडन्या, सगळं नीट पाहिलं. काहीही नव्हतं.

"सगळं चांगलं आहे, कौसाबाई. वायू धरला असेल."

"काईच न्हाई?"

"काहीच नाही."

त्या उठायला लागल्या, मग तशाच थांबल्या. "ती शीर दाखवता का मला? मोठी. माझी."

मी पडदा त्यांच्याकडं वळवला, प्रोब बरगडीखाली टेकवला आणि श्वास घ्यायला सांगितलं. लिव्हर खाली आलं. त्याच्या मागं ती दिसली, काळी, स्वच्छ, खालपासून हृदयापर्यंत मोकळी. श्वासाबरोबर बारीक व्हायची, पुन्हा भरायची. तिच्या वरच्या टोकाला हृदयाचा ठोका दिसत होता.

"चांगली असली म्हंजे अशी दिसते व्हय," त्या म्हणाल्या.

रहीमभाईंनी दार किलकिलं करून आत पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. कौसाबाई बघत होत्या. मी प्रोब तिथंच धरून ठेवला.